काचेतला काठ

ताईच्या बोटांना वेखंडाचा वास यायचा. ओल्या मातीतून उपटलेल्या कंदाचा तो उग्र तरीही निर्मळ गंध तिच्या हातून चहाचा कप घेताना आधी जाणवायचा आणि मग वाफेत विरून जायचा. माझी ही थोरली बहीण आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत आली होती. निवृत्तीनंतर बाळकुमच्या एका उंच इमारतीत ती एकटी राहायची, गॅलरीत पाणथळ जागची झाडं कुंड्यांतून वाढवायची, आणि बोलताना तिचा उजवा हात नकळत हवेत रेषा ओढत असायचा.

पुढे त्याच हातातलं बळ ओसरू लागलं. आधी कुंचला निसटला, मग ब्लाउजचे हूक हट्टाला पेटले, मग घास तोंडापर्यंत पोहोचेना. नसांचा हा आजार पुढेच सरकतो, मागे फिरत नाही, असं डॉक्टरांनी फार सौम्यपणे सांगितलं. रिक्षात बसल्यावर मी चालकाला बाळकुमचा पत्ता सांगितला. ताई म्हणाली, "चल, आपण एक काठ करू."

घरी आल्यावर तिने समजावलं. लांबट काचेची टाकी घ्यायची, ती अर्धीच भरायची. मागच्या काचेला चिमुकल्या कुंड्या अडकवून त्यांत दलदलीतली झाडं लावायची. मुळं पाण्यात, पानं हवेत, आणि खाली मुळांच्या सावलीत मासे. नदी काही घरात येणार नाही, पण तिचा एक तुकडा येईल, एवढीच तिची आशा. मी खडवलीला जाऊन नदीच्या कडेचा लव्हाळा आणि ब्राह्मी आणली, कल्याणच्या बाजारातून पिशवीभर गप्पी मासे आणले. वेखंड तिच्या गॅलरीतच होता.

माघातली सकाळ होती. खिडकीतून तिरपं ऊन पाण्यात उतरलं होतं आणि तळाच्या वाळूवर प्रकाशाची जाळी हलत होती. ताई खुर्चीत, हात मांडीवरच्या शालीवर ठेवलेले. माझे हात कोपरापर्यंत पाण्यात.

"लव्हाळा डावीकडे घे. नाही रे, इतका ताठ नको. काठावरचं गवत कधी कवायतीला उभं असतं का?"

"आता?"

"आता बरं. मुळं दाबू नकोस, सैल सोड. त्यांची वाट त्यांना सापडते."

शब्द तिच्या जिभेवर तेव्हाच जड होऊ लागले होते, पण नजर चित्रकाराचीच होती. ब्राह्मी तिने पुढे ओणवी करायला लावली, वेखंडाची तलवारीसारखी पानं मागे, आणि मध्ये थोडी मोकळी जागा, माशांना आभाळ दिसावं म्हणून. सगळं लावून झालं तेव्हा एखादं पान सरळ करावं म्हणून तिचा हात शालीवरून उचलला गेला आणि परत मांडीत पडला. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. दोघंही माशांकडे बघत बसलो.

मग वसंत आला, आणि हिरवेपणाने त्या काचेत अक्षरशः धिंगाणा घातला. वेखंड टाकीच्या वर डोकावू लागला, ब्राह्मीला पांढुरकी फुलं आली, पाण्यात टाचणीएवढी पिल्लं दिसू लागली. आणि त्या समृद्धीच्या समोर, हातभर अंतरावर, माझी बहीण दिवसेंदिवस विरळ होत गेली. चैत्र सरता सरता तिची वाचा गेली. उरले ते डोळे, आणि घशातून निघणारा एक अस्फुट, आकारहीन स्वर.

वैशाखातल्या एका दुपारी मी डोंबिवलीहून तिच्याकडे पोहोचलो तर वीज गेलेली, खोली भट्टीसारखी तापलेली. तिची देखभाल करणाऱ्या शोभाताई रडवेल्या होऊन दारातच म्हणाल्या, "केव्हापासनं अशा करतायत बघा. पाणी दिलं, उशी बदलली, वारा घातला. काय पाहिजे तेच कळत नाही हो!"

ताई तोच स्वर काढत होती. मी तिच्या नजरेच्या टोकाला पाहिलं. टाकीतला हवेचा पंप बंद होता, पाणी कोमट झालं होतं, आणि सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून श्वासासाठी तडफडत होते. मी तांब्या भरभरून टाकीतलंच पाणी उंचावरून सोडू लागलो, हवा मिसळावी म्हणून. शोभाताईंनी माठातलं गार पाणी थोडं थोडं आणून दिलं. काही मासे तोवर आडवे झाले होते, काही हळूहळू खाली गेले. मागे वळून पाहिलं तर ताईच्या डोळ्यांतलं पाणी कानाच्या पाळीपर्यंत ओघळलं होतं आणि ते पुसायला तिच्याजवळ हात नव्हता. माझ्या ओल्या हाताने मी ते पुसलं. माझं पाणी आणि तिचं पाणी वेगळं करता आलं नाही. एवढ्याशा मृत्यूची वर्दी ती तास तास देत होती, आणि आम्हा धडधाकटांना ती भाषाच येत नव्हती.

भाद्रपदात ती गेली. टाकी मी डोंबिवलीला माझ्या घरी आणली. लव्हाळा फार वाढला की छाटायला कात्री घेतो आणि तिथेच थांबतो. किती कापलं म्हणजे तिच्या मनातलं चित्र मोडणार नाही, हे विचारू कोणाला? परवा पाणी बदलताना ध्यानात आलं, तिने पाहिलेलं यात आता काहीच नाही. ती पानं केव्हाच पिवळी होऊन गळाली, पोहतायत ती त्या माशांच्या पिल्लांची पिल्लं. तरी घरात सगळे याला ताईचा काठच म्हणतात. माणसाला काळ एकदाच नेतो. त्याची आठवण मात्र तो रोज ओंजळभर उपसतो आणि तितकंच नवं पाणी ओतत राहतो, आणि मूळचं कोणतं हे ओळखू शकणारे डोळे तेवढे कुठेच नसतात.