तीन फडकी

"बॅटरीच आहे. लिहून ठेवा," वरच्या मजल्यावरचा कॅशियर म्हणाला.

"तुमचं आपलं सदा बॅटरी! मागच्या रविवारीही बॅटरीच होती," बॉनेटखाली मान घालत शिंपीबुवा म्हणाले. "काका, प्लगमध्ये कचरा आहे, मी सांगतो."

"तुम्ही सांगता म्हणूनच तर शंका येते. माझ्या पँटची लांबीही तुम्हीच सांगितली होती."

वरच्या गॅलरीतून कॅशियरच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, आपला नळ महिनाभर गळतोय, तिथे कधी मान घातलीत का? आजार रेड्याला आणि औषध पखालीला!"

"आधी चहा पाठव गं!"

कॅशियर आणि शिंपीबुवा या दोघांच्या मधोमध, ऑइलची पातळी मोजायची पट्टी हाती धरून, ऑपरेटरकाका उभे होते आणि प्रत्येकाचे म्हणणे सारख्याच आदराने ऐकून घेत होते. दर रविवारी बॉनेट उचलण्यापूर्वी ते कुंपणाच्या गजावर तीन स्वच्छ फडकी घडी करून ठेवीत. एक स्वतःसाठी, दोन या दोघांसाठी. आपल्या गाडीपायी दुसऱ्याचे हात काळे राहू नयेत, हा त्यामागचा विचार.

काकांचे सारे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले होते. एका गावाचा आवाज दुसऱ्या गावाला जोडून द्यावा, 'बोला' म्हणावे आणि आपण बाजूला व्हावे, एवढाच त्या नोकरीचा धर्म. जोडून दिलेले संभाषण ऐकू नये, हा नियम त्यांनी व्रतासारखा पाळला. घरी बोलण्याचे खाते पत्नीकडे होते. दारावरून जाणाऱ्याला थांबवणे, त्याची विचारपूस करणे, भांडणे, समेट करणे, हे सारे ती दोघांच्या वतीने करी. ती गेली आणि घराचा आवाजच गेला. दार बंद असे. माणसे त्यावरून मुकाट्याने जात.

मग एका रविवारी गाडी खरोखरच सुरू होईना. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर साचला होता; पण ते काकांना कुठले ठाऊक? बॉनेट उचलून ते नुसते बघत राहिले. पाहता पाहता भोवती माणसे जमली. ज्यांनी कधी मान वर करून पाहिले नव्हते, त्यांनी बाह्या सरसावल्या. कुणी कोमट पाणी आणले, कुणी ब्रश. संध्याकाळी काकांच्या लक्षात आले, की बोलून बोलून आपला घसा दुखतो आहे. ते दुखणे त्यांना फार गोड वाटले.

पुढच्या रविवारी गाडीला काहीही झाले नव्हते. तरी त्यांचा हात बॉनेटच्या खटक्याकडे गेला.

खोटे मात्र ते कधी बोलले नाहीत. "काय झालं, काका?" असे कुणी विचारले, की ते म्हणत, "बघतोय." आणि ते खरोखरच बघत. ऑइलची पातळी, रेडिएटरचे पाणी, पट्ट्याचा ताण, एकेक गोष्ट ते पोथीचे पान उलटावे तशा हाताने तपासीत. त्या गल्लीत त्यांच्या गाडीइतकी निरोगी गाडी दुसरी नव्हती. बिघाड काय तो लोकांनीच ठरवला होता.

"काका, आज सोक्षमोक्षच लावून टाकू," चहाचा कप ठेवत कॅशियर म्हणाला. "गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावलंय मी."

काकांच्या हातातली पट्टी थबकली. "कशाला उगाच? सुट्टीचा दिवस त्यांचा."

"तुमचे हाल बघवत नाहीत हो."

त्या बोलण्यात निखळ माया होती, पण काकांना पुढचे सारे दिसू लागले. मिस्त्री म्हणेल, काही झालेलं नाही. हे दोघे हसतील, तेही प्रेमानेच. आणि पुढच्या रविवारी येणार नाहीत.

मिस्त्री आला. अंगाने भरदार, चालीने सावकाश. काकांनी आपल्या वाटणीचे फडके त्याला दिले. त्याने ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवली आणि उजेडात धरली. ऑइल मधासारखे स्वच्छ होते. टर्मिनलवरून बोट फिरवले, पट्टा दाबून पाहिला. चेहऱ्यावर काहीच उमटले नाही.

"चावी मारा, काका."

काका आत बसले. समोरची काच उभ्या बॉनेटने भरून गेली होती. खालच्या फटीतून तेवढे तिघांचे हात दिसत होते. त्यांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीत, एका लयीत सुरू झाले.

"अरेच्चा! हिला झालंय तरी काय?" शिंपीबुवा म्हणाले.

मिस्त्री कान देऊन वाकला. वाकताना त्या फटीतून त्याला चाकामागचा काकांचा चेहरा दिसला. निकाल ऐकायला बसलेल्या माणसाचा चेहरा. क्षणभर तो तसाच वाकून राहिला.

"बंद करा." तो सावकाश हात पुसू लागला. "आहे. आवाज आहे एक. बारीक."

"मला नाही आला," कॅशियर म्हणाला.

"तुम्हाला कसा येईल? नाणं खोटं असतं तर आला असता. ही जुनी खोड आहे. पार्ट बदलून जायची नाही. काका करतात तेच बरोबर. दर रविवारी उघडायचं, तेल-पाणी बघायचं, हवा लागू द्यायची. दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. प्लगला तर नाहीच!"

शिंपीबुवांनी हात मागे घेतला आणि सगळे हसले.

दोघे निघून गेल्यावर काका मिस्त्रीला फाटकापर्यंत पोचवायला गेले.

"आवाज खरंच आहे?"

"ठणठणीत आहे हो गाडी. सगळ्याच अशा असत्या तर मी उपाशी मेलो असतो."

"मग?"

"मग काय! असतात काही गाड्या अशा," मिस्त्री दुसरीकडे पाहत म्हणाला. "येईन कधी इकडून गेलो तर."

काकांना पुष्कळ बोलायचे होते. तोंडातून आले एवढेच, "बरं."

पुढच्या रविवारी त्यांनी गजावर तीन फडकी ठेवली आणि बॉनेट उचलले.

शिंपीबुवा कपड्यांचे गाठोडे घेऊन आले. "हवा देताय ना? द्या, द्या. मिस्त्रींचं पथ्य मोडू नका. आपण नाही बुवा हात लावत." आणि आजाऱ्याच्या खाटेला वळसा घालावा तसे, अदबीने दूर होऊन ते पुढे गेले.

वरून नळावर पान्हा आपटल्याचा आवाज येत होता. "अजून घट्ट! नीट बघा तरी!" कॅशियरच्या पत्नीचा अखेर विजय झाला होता. मध्येच त्यांनी गॅलरीतून डोकावून विचारले, "काका, ठीक ना सगळं?"

"बघतोय," काका म्हणाले. त्या आत गेल्या.

काकांनी ऑइल पाहिले, पाणी पाहिले. इंजिन सुरू करून पुढे आले आणि कान लावून उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या बोलण्यातून बाजूला होणारा तो माणूस बराच वेळ तसाच वाकून ऐकत होता. बारीक आवाज कुठेच नव्हता. गाडी कितीही दूर जाऊ शकली असती.

मग त्यांनी इंजिन बंद केले. आधाराची काडी काढली, बॉनेट खाली आणले आणि आदळू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबून बसवले.

गजावरच्या दोन फडक्यांची घडीही मोडली नव्हती. काकांनी बादलीत पाणी घेतले, तिन्ही फडकी सारखीच चोळून धुतली आणि एकमेकांपासून थोडे अंतर राखून दोरीवर वाळत घातली.