मालन गावाला गेली

ठाकुर्लीच्या त्या घरात दुपारी बेल वाजली की सरोज आधी आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायची आणि मगच बाहेरचं उघडायची. त्या दिवशीही तसंच झालं. दारात तळमजल्यावरची केशरबाई उभी होती. हातात अळूवड्यांचा डबा.

“मालन आयली नाय का अजून गावावरना?”

“नाही हो मावशी. त्यांच्या भावजयीचं दुखणं आहे. राहतील अजून.”

“मग फोन लाव. चार शब्द बोलते.”

“रेंज नसते तिकडे.”

“अख्ख्या जुन्नर तालुक्यात रेंज नाय?” केशरबाई हसली. “सांग तिला, गवार निवडायला जोडीला माणूस नाय. एकटीनं निवडली का शिरा ऱ्हातात, मग सून बोलून दाखवते.”

आतल्या खोलीत मालन पलंगाच्या कडेला बसली होती. खोकल्याची उबळ आलेली, ती तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरून दाबली. बाहेरचं दार लागलं, लिफ्टचा आवाज खाली गेला, तेव्हा कुठे ती खोकली.

अळूवड्या संध्याकाळी तिच्या ताटात आल्या. ताट वेगळं होतं, पेलाही वेगळा. का म्हणून तिनं विचारलं नव्हतं. काहीही विचारलं की घरात सगळे एकदम कामाला लागत.

गेटाजवळच्या सिमेंटच्या बाकावर मालन आणि केशरबाई कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी भाजी निवडत बसत. दोघी विधवा, दोघींना सुना. मेथीची जुडी संपेपर्यंत दोन घरांचा न्याय करून व्हायचा. आता त्या बाकाच्या बाजूची खिडकी बंद असायची. गावाला गेलेली बाई पाचव्या मजल्याच्या खिडकीत दिसून कसं चालेल?

हे सुरू झालं मानेवरच्या गाठींपासून. ताप, रात्री अंग भिजवणारा घाम, उतरत चाललेलं वजन. ठाण्याच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी परशुरामला, मालनच्या मुलाला, आत बोलावलं. रक्ताचा कॅन्सर होता, लिम्फोमा नावाचा. औषध होतं. सलाइनसारखं शिरेतून द्यायचं.

“आईंना मी सांगू की तुम्ही सांगता?” त्यांनी विचारलं होतं.

“मी सांगतो मॅडम. वेळ बघून.”

ती वेळ त्यानं कधी बघितली नाही. परशुराम वाईट माणूस नव्हता. आईचं औषध त्यानं एकदाही चुकवलं नाही. पण त्याच महिन्यात त्याच्या मुलीचं, रुचिताचं, विठ्ठलवाडीच्या मितेशशी जमत आलं होतं. आणि आपल्याकडे रीत अशी की लग्नाच्या घरात आजाराचं नाव काढायचं नाही. त्यातून हा रक्ताचा. आजीच्या रक्तात आहे म्हणजे नातीच्याही असणार, असं म्हणायला कुणाला शाळा शिकावी लागत नाही. नवरा-बायकोनं ठरवलं. आईला सांगायचं, रक्त कमी आहे, ताकदीची बाटली लावायची आहे. आणि शेजारी सांगायचं, आई गावाला गेली.

“रुचिताचं जमेपर्यंत फक्त,” सरोज सासूला म्हणाली होती. “लोक काय, म्हातारी सारखी इस्पितळात म्हणून भलतंच बोलतात.”

नातीसाठी म्हणून मालन कबूल झाली. नातीसाठी तिनं याहून अवघड गोष्टी केल्या असत्या.

पहिल्या बाटलीच्या दिवशी गेटवर कुणी नाही असं बघून तिला रिक्षात बसवलं. सकाळची ब्लडप्रेशरची गोळी सरोजनं रोजच्यासारखी दिली. इस्पितळात नयन नावाच्या नर्सनं सुई लावली, आधी तापाची नि अ‍ॅलर्जीची औषधं दिली आणि विचारलं, “आजी, हे औषध काय आहे, आज काय काय होऊ शकतं, माहितीये ना?”

“मी समजावलंय तिला सगळं,” परशुराम मध्येच म्हणाला.

“घरची काही गोळी घेतलीये सकाळी?”

“नाही, काही नाही.” गोळीचं त्याला ठाऊकच नव्हतं. ते खातं सरोजचं.

बाटली थेंबथेंब सुरू झाली. परशुरामला लग्नाच्या हॉलवाल्याचा फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला. थोड्या वेळानं मालनला थंडी वाजायला लागली. तिला वाटलं, एसी असेल. तिनं शाल ओढली. मग हातांना खाज आली, मग घशात काही अडकल्यासारखं झालं. ती गप्पच राहिली. गावाकडे, इथे, तिनं आयुष्यभर बायकांना ताकदीच्या बाटल्या लावलेल्या पाहिल्या होत्या. त्यात काय व्हायचंय? आणि सरोजनं निघताना बजावलं होतं, तिथे कुणाशी काही बोलू नका, ओळखीचं कुणीही निघतं.

नयन समोरून जाताना म्हणाली, “बरं वाटतंय ना आजी?”

मालननं मान डोलावली. तिचे दात वाजत होते, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं.

समोरच्या पलंगावर डोंबिवलीच्या चित्राताई होत्या. त्यांनाही बाटली लावलेली. चष्म्यावरून त्या मघापासून मालनकडे पाहत होत्या. त्यांनी स्वतःची बेल दाबली आणि दाबूनच धरली. “सिस्टर, माझं नाही. समोर बघा. त्यांचे ओठ बघा.”

पुढचं मालनला तुटक आठवतं. धावणारी पावलं, बंद केलेली बाटली, तोंडावरचा ऑक्सिजन, टोचलेलं इंजेक्शन. प्रेशर फार खाली गेलं होतं.

तासाभरानं ती सावरली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सकाळच्या गोळीचं तिच्याकडून काढून घेतलं आणि बाटली पुन्हा सुरू केली, अगदी सावकाश. चित्राताई समोरून म्हणाल्या, “घाबरू नका. माझंही पहिल्या वेळी असंच झालेलं. पुढे त्रास कमी होतो. पण आजी, बोलायचं हो लगेच. सांगितलं नव्हतं का कुणी?”

“ताकदीच्या बाटलीनं असं होतं व्हय?”

चित्राताईंनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. हक्क आहे तुमचा.”

परशुराम परत आला होता. मालन त्याला म्हणाली, “तू बाहेर बस.” इतक्या वर्षांत तिनं त्याला असं सांगितलं नव्हतं. तो गेला.

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. रोगाचं नाव सांगितलं. मालन हातावरच्या पट्टीकडे बघत होती.

“म्हणजे मरायचं औषध चालू आहे माझं?”

“नाही. जगायचं. तुम्ही भाजी निवडता ना? किडलेलं पान बोटांना कळतं. या औषधातली अँटीबॉडी तशी आहे. रोगाच्या पेशीवर एक खूण असते, ती ओळखून तिला जाऊन चिकटते. मग शरीर ती पेशी मारतं.”

“चांगलं पानही जातं की कधीकधी हातून.”

“जातं,” त्या म्हणाल्या. “तीच खूण काही चांगल्या पेशींवरही असते. म्हणून तुमची रोगाशी लढायची ताकद कमी होणार. ताप आला, थंडी वाजली, की उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच दिवशी, त्याच घडीला इथे यायचं. बाटली चालू असताना जरा वेगळं वाटलं की सांगायचं. आणि प्रेशरची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे मला विचारून. आज तीच अंगावर आली. चूक माझीही आहे. तुमच्याशी मी स्वतः बोलायला हवं होतं.”

“माझ्या उष्ट्यानं दुसऱ्याला होतं का हे? ताट वेगळं ठेवलंय माझं.”

“नाही होत. शिवून होत नाही, ताटातून होत नाही.”

“आन् बरी होईन?”

“पुष्कळांचा वर्षानुवर्षं दबून राहतो. तुमचं काय होईल ते या बाटल्या झाल्यावर कळेल. खोटं सांगणार नाही.”

मालनला नवल वाटलं. रोगाचं नाव कळून ती घाबरली होतीच, पण कित्येक दिवसांत कुणीतरी तिच्याशी बोललं होतं.

घरी तिनं हा विषय काढला नाही. नातीचं होऊ दे, मग बघू, असं तिनंच मनाशी ठरवलं. ताट वेगळंच राहिलं. खिडकी बंदच राहिली. संध्याकाळी बाकावरून केशरबाईचं हसणं वर यायचं, ती कान देऊन ऐकत बसायची आणि मध्येच एखाद्या वाक्याला मनातल्या मनात उत्तर द्यायची.

सुपारी फोडायच्या दिवशी सकाळपासून तिचं अंग मोडून आलं. दुपारी हुडहुडी भरली. बाहेर विठ्ठलवाडीची मंडळी येऊन बसली होती, कपबश्या वाजत होत्या. तिनं दार किलकिलं करून सरोजला खूण केली.

सरोजनं कपाळाला हात लावला आणि चटकन काढला. “गोळी घ्या आणि पडून राहा आई. मंडळी गेली की बघू. पोरीच्या लग्नावर पाणी नका पाडू.”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, त्याच घडीला.”

“तास-दोन तासांनी काय होतंय?”

दार लागलं. मालन पलंगावर बसली. चादरीवर एक चूण होती, ती तिनं तळव्यानं सारखी केली. इथे मेले तर काय सांगतील ही माणसं, तिच्या मनात आलं. गावाला गेली होती, तिथेच वारली? केशरबाईला शेवटचं तोंडसुद्धा दिसायचं नाही.

ती उठली. इस्पितळाची पिशवी घेतली, नीट पदर घेतला आणि दार उघडून हॉलमध्ये गेली.

पाहुण्यांत, खुर्चीवर, केशरबाईही होती. शेजारी म्हणून बोलावलेली. तिच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“ही माझी आई,” परशुराम कसाबसा म्हणाला. “आत्ताच गावावरून...”

“गावाला नव्हते मी,” मालन म्हणाली. आवाज कापत होता, तो तापानं. “या खोलीत होते. रक्ताचा कॅन्सर आहे मला. शिवून होत नाही. औषध चालू आहे आन् आज ताप आलाय, तर मला जायला पाहिजे. तुम्ही पेढे खा.”

मितेशच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं चपलांकडे. मितेश उठून उभा राहिला, पण पुढे काय करावं हे त्याला सुचेना. रुचितानं मात्र ओटीतला नारळ आईच्या हातात दिला. “मी जातेय आजीबरोबर,” ती म्हणाली, “ज्यांना थांबायचं ते थांबतील.”

परशुराम अनवाणीच रिक्षा शोधायला धावला.

खाली रिक्षा येईपर्यंत मालन बाकावर टेकली. सिमेंट उन्हानं तापलं होतं, बरं वाटलं. केशरबाई शेजारी बसली. तिनं मालनचा हात मांडीवर घेतला आणि रागानं दुसरीकडे बघत राहिली.

“गावाला होतीस म्हने.”

“होते की,” मालन म्हणाली. “पाचव्या मजल्यावर.”

ते लग्न जमलं की मोडलं, हे वाचणाऱ्याला विचारावंसं वाटेल. आपण आधी तेच विचारतो, म्हणून तर मालनची खिडकी बंद राहिली. तुमच्याही इमारतीतलं कुणीतरी बरेच दिवस गावाला गेलेलं असेल. एकदा वर जाऊन विचारा, कोणत्या गावाला.