छत्तीस चिठ्ठ्यांची सरासरी

दोन कॅमेरे, त्यातला एक भाड्याचा. नऊ दिवे, पैकी लागणारे सात. छत्तीस खुर्च्या, छत्तीस प्रेक्षक, प्रत्येकाजवळ घरून आणलेले दोन जादा कपडे. शिलाई मशिनं दोन. सकाळी साडेआठला त्या भाड्याच्या हॉलमध्ये मी मोजलं तेव्हा एवढंच होतं, आणि एवढ्यात मावशीला टीव्हीवरच्या खेळाचे सहा एपिसोड उरकायचे होते.

खेळ सोपा. समोर एक वस्तू ठेवायची. तिचं वजन, लांबी किंवा संख्या स्पर्धकानं ओळखायची. ठरलेल्या मर्यादेत आला तर मशीन, नाहीतर नुसत्या टाळ्या. एपिसोड संपला की प्रेक्षक कपडे आणि जागा बदलत, म्हणजे बघणाऱ्यांना दुसरा दिवस वाटे. सहांत दोघं जिंकतील, असं मावशीनं बजेटमध्ये धरलं होतं.

ते बजेट मी बुडवलं. स्पर्धक अडला तर प्रेक्षकांनी चिठ्ठीवर आकडा लिहावा आणि सरासरी फळ्यावर मांडावी, ही कल्पना माझी. खर्च फक्त कागदाचा. "छत्तीस जणांना काय कळतंय!" असंही मीच म्हणाले होते. कुणी फार जास्त लिहितो, कुणी फार कमी, आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं रोज सरासरी काढूनही माझ्या डोक्यात आलं नाही. पहिल्या एपिसोडला बरणीत चारशे बारा बोल्ट होते. फळ्यावर आलं चारशे नऊ.

चार एपिसोडांत तिघं जिंकले. तिसरं मशीन मावशीनं पुढच्या महिन्याच्या हॉलसाठी ठेवलेल्या पैशांतून आणवलं. पाचव्याला एक निवृत्त मुख्याध्यापक आले, "मला कुणाच्या मदतीची गरज नाही" म्हणाले आणि हरले. मावशी त्यांच्या पाया पडायचीच काय ती बाकी होती.

"आता चौथं मशीन गेलं तर हॉल गेला," ती मला कोपऱ्यात म्हणाली. "एक आठवडा चुकला तरी चॅनेलवाले आपली वेळ त्या गाद्या विकणाऱ्याला देणार. टपूनच बसलाय मेला."

"चिठ्ठ्या बंद करू या?"

"पाच जणांना दिल्या आणि सहावीला नाही? आणि ती बाई कोण आहे बघितलंस का?"

बघितलं होतं. कापडी पिशव्या हातानं शिवून विकणाऱ्या बाई. सकाळपासून दाराजवळच्या पायरीवर बसून शिवतच होत्या.

सहाव्या एपिसोडसाठी कलिंगड आणलं होतं. ते कॅमेरामननं कापून खाल्लं.

"वजन करायचं होतं त्याचं!" मावशी ओरडली.

"मग आता माझं करा. तेवढंच वाढलंय."

शेवटी दिवेवाल्याची जुनी काळी केबल टेबलावर आली. बरीच वर्षं गुंडाळून ठेवलेली. लांबी त्यालाही माहीत नव्हती. नियम ठरला: एक मीटर इकडे किंवा तिकडे.

बाईंनी केबलला एकदा हात लावला, दोनदा वेटोळी मोजली आणि हसल्या. "दोरा असता तर सांगितलं असतं. द्या बाई, चिठ्ठ्या द्या."

मी बेरीज केली, छत्तीसनं भागलं, फळ्यावर लिहिलं: बासष्ट. "बासष्टच," बाई म्हणाल्या.

हॉलमध्ये एवढी जागा नव्हती, म्हणून मोजणी इमारतीमागच्या रस्त्यावर. भाड्याचा कॅमेरा बाहेर आला, मागोमाग सगळे प्रेक्षक. केबल जमिनीवर सोडली तर ती सरळ होईना; वर्षानुवर्षं गुंडाळलेली, जागोजागी वर उचललेली, लाटांसारखी.

मावशी माझ्याशेजारी वाकली. "ही अशीच मोजली तर?"

"मीटर-दीड मीटर कमी भरेल."

"आणि ताणून?"

"जेवढी आहे तेवढी."

"अशीच मोजली तर कुणाला काही कळेल?"

मी आजूबाजूला पाहिलं. छत्तीस माणसं, एक कॅमेरा. "मला कळेल," मी म्हणाले. "बाकी कुणाला नाही."

मावशी सरळ उभी राहिली. चालत पलीकडच्या टोकाशी गेली. अलीकडचं टोक बाईंच्या हातात होतं. मी खाली बसून टेप उघडला. काही क्षण केबल तशीच पडून होती, आणि मी तिच्याकडेच बघत राहिले, कारण मावशीच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

मग पलीकडून आवाज आला. "अहो बाई, ओढा की! जेवलात ना दुपारी?"

"तुम्हीच कमी ओढताय!" बाई ओरडल्या. लोक हसले.

मावशीनं चपला काढल्या, पाय रोवले आणि केबलचं अगदी शेवटचं टोक दोन्ही मुठींत धरून मागे रेलली. माझ्यासमोरची लाट बसली, मग तिच्या पुढची, मग त्यापुढची. केबल रस्त्याला चिकटली.

तीस मीटरचा टेप मी तीनदा लावला. दोन खुणा खडूनं केल्या, तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसून आकडा वाचला, खात्रीसाठी कॅमेरामनला वाचायला लावला आणि मोठ्यानं सांगितला.

एकसष्ट मीटर चाळीस सेंटिमीटर.