अंगठ्याएवढा अंधार

"शटर पुरं पाड, नियाज. फट राहिली तं चित्र फिकं पडते," सूर्यभान स्टुलावर बसत म्हणाला.

नियाजनं चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली ओढलं. त्या शटरला खिळ्याएवढं एक भोक होतं. भर दुपारी त्यातून अख्खा अकोटचा रस्ता आत शिरायचा आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर डोकं खाली, पाय वर करून चालायचा. मी तेव्हा एसटीत कंडक्टर. अकोल्याची गाडी सुटायला तास असला की इथंच येऊन बसायचो. माझीच गाडी पहिल्यांदा अशी उलटी पाहिली, तेव्हा आतले प्रवासी सांडतील म्हणून मी भिंतीला हात लावून उभा राहिलो होतो. खोटं वाटत असेल तर नियाजला विचारा.

सूर्यभान जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचा. तीस वर्षं. त्याची नजर अशी, की बैलगाडी हिवरखेडच्या वळणावर असतानाच तो इथून सांगायचा, कापसावर पाणी किती मारलंय. हिवरखेड अकोटपासून दहा कोस. यात मी चार-पाच कोस वाढवले असतील, जास्त नाही.

त्या दोघांचं भांडण एकच, आणि माझ्या नोकरीपेक्षा जुनं. सूर्यभान म्हणायचा, नजर डोळ्यातून बाहेर जाते आणि वस्तूला शिवून येते. "नाईतं माही बायको सुभद्रा नातवावरून मीठ-मिरच्या कायले ओवाळते? बाहेर काई जातच नसंन तं पोराले लागते काय?"

"अरे बाप्पा, उजेड वस्तूवरून आत येते," नियाज म्हणायचा. "बसऱ्याचा एक विद्वान हजार वर्षांखाली सांगून गेला. मंग विलायतेच्या पंडितायनं पाह्यलं, डोळ्यातबी चित्र उलटंच पडते. त्याले सरळ करते ते मन."

"म्हंजे माह्या मनाले हमालीच हाये म्हन!"

पण त्या दिवशी भांडण नव्हतं. सोमवारी जिनिंगमध्ये वजनकाट्याची पूजा होती, हंगाम सुरू व्हायचा होता. आणि नव्या मॅनेजरनं सूर्यभानला सांगितलं होतं, डोळे चांगले असल्याची चिठ्ठी आणा, तरच खुर्चीवर बसा.

"लिहून दे," सूर्यभान म्हणाला.

"मोतीबिंदू पिकला तुहा. अकोल्याले जाय, कापून घे."

"भिंग कापलं तं नजर सांडून जाईन लेका. मंग काय पाहू? घे परीक्षा. तक्ता नको, तो मले पाठ हाये. भिंत घे."

नियाज भोकाजवळ उभा राहिला. "सांग, काय चाललं?"

सूर्यभाननं मान वर केली. "भगवंतरावची गाडी. पांढरी जोडी, डावा बैल जरा लंगडते. बोऱ्यावर माणिकबाई बसली, कापूस एक नंबर. तिच्या मांगं बोर्डीच्या गाड्या... लाईन पार गांधीच्या पुतळ्यालोग गेली."

मी नियाजकडं पाहिलं. त्यानं भोकावर अंगठा दाबून धरला होता, नखाच्या कडेनं तेवढा लाल उजेड झिरपत होता. भिंतीवर काहीच नव्हतं. आणि अंगठा नसता, तरी रस्त्यावर एखादा ट्रॅक्टर आणि दोन मोटारसायकली याशिवाय काय असणार? बैलगाड्यांची ती लाईन मोडून किती वर्षं झाली होती! भगवंतरावांनी जोडी विकली, माणिकबाई लेकीकडं पुण्याला गेली. निम्मं जिनिंग बंद, आणि पेपरात आमच्या वऱ्हाडाचं नाव रोज यायचं ते चांगल्यासाठी नाही. पण सूर्यभान बोलत राहिला तसा, खरं सांगतो, मलाही घुंगरं ऐकू आली.

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "काढ आता अंगठा, नियाज. दुखून राहिला असंन."

नियाजनं अंगठा काढला.

"अंधार आन उजेड तं मले अजून कळते ना गड्या. पण गाड्या दिसल्या. आईची आन, दिसल्या." त्यानं डोळे पुसले. "चिठ्ठी नको लिहू. एखाद्याचा एक नंबर मी तीन नंबर करून टाकीन. त्याचं साल जाईन."

"मंग अकोला?"

"आन नजर सांडली तं?"

"माह्याच गाडीत सांडन ना!" मी म्हणालो. "झाडून आणून देईन."

काट्याची पूजा त्याच्याशिवाय झाली. खुर्चीवर मॅनेजरचा मेव्हणा बसला.

महिन्यानं सूर्यभान मोतीबिंदू काढून दुकानात आला. डोळ्यांवर नियाजनं बनवलेला नवा चष्मा. स्टुलावर बसला, शटर पडलं. भिंतीवर एक ट्रॅक्टर उलटा गेला, रिकामा. मग एक सायकल. मग बराच वेळ नुसता रस्ता.

"कसं काय?" नियाजनं विचारलं. "आता तं साफ दिसत असंन?"

"साफ दिसते," सूर्यभान म्हणाला. "पण पयल्यापेक्षा कमी दिसते रे."

नियाज उठला, शटरापाशी गेला आणि त्यानं भोकावर अंगठा ठेवला.

सूर्यभाननं चष्मा काढून मांडीवर ठेवला, मान वर केली.

"भगवंतरावची गाडी," तो म्हणाला. "पांढरी जोडी..."

माझ्या गाडीची वेळ होऊन गेली होती. मी बसून राहिलो.