बारा बाकं

ठेकेदाराने बागेत बारा बाकं बसवल्याचा कागद आणला, तेव्हा नगरपालिकेच्या हेडक्लार्कनी खुर्चीतूनच सही ठोकली होती: 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली.' बाहेरून आलेल्या ऑडिटर बाईंनी चहालाही हात न लावता त्यांना थेट बागेत नेलं. मोजली तर बाकं नऊच भरली. तिथे कठड्यावर अवघडून बसलेल्या म्हातारीकडे बघत बाईंनी एवढंच विचारलं, "सही तुमचीच ना?" हेडक्लार्कना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात तोच ठेकेदार नव्या नळांचा कागद घेऊन हजर. हेडक्लार्कनी सवयीने पेन उघडलं, पुन्हा बंद केलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला, नळ दाखवा."

ठेकेदाराचा चेहरा पडला. "साहेब, आजवर कधी विचारलं नाहीत!"

"मलाही कुणी विचारलं नव्हतं."