थोरली तार, धाकटी तार

"थोरली नांदो ओसरीला, धाकटी देवघरी गं,
मधली वाट मोकळी ठेवा, कलह नको घरी गं…"

असं गुणगुणत ज्ञानदाबाई माझ्या पोटात तारा ओवायच्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी एक जुना विजेचा पॅनेल आहे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्या सुमारास गुढियारीतल्या पॅनेल बनवणाऱ्या एका शेडमध्ये बाईंच्या हातून माझा जन्म झाला. थोरली म्हणजे मोटरीला जोर पुरवणारी जाड तार. धाकटी म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा सांगणारी बारीक तार. थोरली फार जवळ आली की तिच्या गलबल्यात धाकटीचं बोलणं बिघडतं. म्हणून बाईंनी दोघींना दूर ठेवलं, धाकटीला तांब्याच्या जाळीचं पांघरूण घातलं आणि जाळीचं टोक जमिनीशी जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीला बांधलं.

पुढे बीरगावच्या राइस मिलमध्ये मी उभा राहिलो. काट्यावर हरिदास पोती भरायचे. शेठ म्हणायचे, "हरिदासचा बोरा दुबारा तोलायची गरज नाही, भैया!" ते ऐकून मीही फुलायचो.

मग विश्वकर्मापूजा आली. मिलचे वायरमन गुलाबराव यांनी मला मायेनं पुसलं, झेंडू वाहिला. आत पसारा दिसतो म्हणून साऱ्या तारांची एक सुबक जुडी बांधली आणि पट्टीला बांधलेलं जाळीचं टोकही फालतू समजून छाटून टाकलं. आरतीला जो तो म्हणाला, "वा, काय सजवला!"

तेव्हापासून मोटर सुरू झाली की काट्याचे आकडे नाचू लागले. पोती कमी-जास्त भरू लागली.

"हरिदास, तुझा हात आता थरथरतो," शेठ म्हणाले. "उद्यापासून येऊ नको." हरिदास आपल्याच बोटांकडे बघत राहिले. मला ओरडावंसं वाटलं, पण लोखंडाला कुठला आवाज?

नवा माणूस येण्याआधी काटा तपासून घ्यावा, म्हणून शेठनी त्याच दुपारी ज्ञानदाबाईंना बोलावलं. माझं दार उघडताच त्या म्हणाल्या, "अगं माय! दोघींले एकाच खाटेवर निजवलं? भांडणार नाहीत तर काय!" त्यांनी जुडी सोडली, वाटा वेगळ्या केल्या, नवी जाळी पट्टीला कसली. मोटर धडधडली. आकडा जागचा हलला नाही.

"कोणं बांधली होती ही जुडी?" बाईंनी विचारलं.

मित्रांनो, आमचं दार उघडाल तेव्हा नुसतं नीटनेटकं करू नका. जे दूर ठेवलंय, ते का दूर आहे, एवढं आधी विचारा.

हरिदास डबा घेऊन फाटकाकडे निघाले होते. गुलाबरावांनी सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला.

"थांब, हरिदास. जुडी मीच बांधली. काटा तवापासूनच बिघडला, मले ठाऊक होतं. तुहा हात कधीच नाही थरथरला गा."