दगडाबाईचा व्हिडिओ

आमच्या नगरपालिकेला ई-कचऱ्याची योजना मिळाली ती आमची लायकी होती म्हणून नव्हे, यादीत एक जागा रिकामी राहिली म्हणून. पत्र्याचं शेड, वजनकाटा, चार निळे डबे आणि जनजागृतीसाठी वेगळा निधी. बंद मोबाईल आणि फुटके टीव्ही आता भंगारवाल्याला द्यायचे नाहीत, केंद्रात आणायचे आणि तिथून नोंदणी असलेल्या कारखान्यात पाठवायचे. आरोग्य विभागाचं टेबल माझं, म्हणून हे लचांडही माझ्याच गळ्यात पडलं.

पुण्याहून योजना राबवणाऱ्या संस्थेच्या मधुवंती मॅडम आल्या. म्हणाल्या, "काशीनाथजी, निधीच्या पुढच्या हप्त्यासाठी दोन व्हिडिओ जोडायचेत. योजनेच्या आधीचा आणि नंतरचा. आधीचा वाईट दिसला पाहिजे, तरच नंतरचा उठून दिसतो."

वाईट दिसायला कुणीतरी माणूस लागतो. मी दगडाबाईचं नाव सांगितलं.

स्टँडमागच्या मोकळ्या जागेत बसून ती म्हातारी वीस वर्षं भंगार फोडत होती. कांदे-लसूण घेऊन वालूर, पोखर्णीकडं जायची आणि त्या बदल्यात जुने मिक्सर, रेडिओ, मोबाईल घेऊन यायची. मुलगा गेला, सून माहेरी जाऊन बसली, आणि सातवीतली नात राजेश्री तिच्या पदरात राहिली. मॅडमना घेऊन मी तिच्याकडं गेलो आणि म्हणालो, "बाई, सरकारची स्कीम आलीय. तुमचं काम शूटिंग करून वर पाठवायचंय. नंतर गळ्यात घालायचं कार्ड मिळंल, केंद्रात काम मिळंल."

"कार्ड? ह्या मॅडमच्या गळ्यात हाय तसलं?"

"तसलंच."

"मग काय बी करायला लावा," ती म्हणाली. "पैशाचं मरू द्या, सायब. पोरीला शाळंत भंगारवालीची भंगारवालीची म्हणून चिडवायलेत. लय रडती. कार्ड दिसलं की त्यांची तोंडं बंद व्हतील."

शूटिंगच्या दिवशी ती डोक्याला तेल लावून, केस चापूनचोपून आली. मॅडमच्या मोबाईलसमोर तिनं जुन्या टीव्हीची नळी कशी फोडायची ते दाखवलं. आधी मागची बारीक मान हळूच मोडून आत हवा जाऊ द्यायची, नाहीतर काच फुटून तोंडावर येते. मग वायरी घेतल्या आणि सुरीनं सोलायला लागली. हात असा चालायचा की बघत राहावं.

मॅडमचं मन काही भरेना. "यात धूर नाही. वायर जाळतात ना हे लोक?"

"म्या न्हाई जाळत," दगडाबाई म्हणाली. "जाळलं की तांबं काळं पडतंय. त्याला कोण इचारतंय? आन् पोरगी खोकती धुरानं."

"थोडंसंच, आजी. फक्त दाखवायला."

दगडाबाईनं माझ्याकडं बघितलं. त्या वेळी 'नको' म्हणायला माझं काय जात होतं? पण वरून दोनदा फोन येऊन गेला होता. मी म्हणालो, "करा बाई, कार्डासाठी लागतंय." एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. काडी मीच ओढली.

काळा धूर निघाला. म्हातारी पदरात तोंड घालून खोकली आणि पदर काढून मोबाईलकडं बघत हसली, कारण फोटोत हसायचं असतं हे तिला माहीत होतं. "एकदम मस्त," मॅडम म्हणाल्या. गरज सरो, वैद्य मरो. आठवड्याभरात स्टँडमागची जागा मोकळी करायची नोटीस निघाली. खाली सही साहेबांची होती, मजकूर माझा. दगडाबाईनं ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि माझ्याकडं आली. मी म्हणालो, "केंद्रात जायचंय ना तुमाला? मग जागा सोडावीच लागंल." तिला ते पटलं.

जनजागृतीचा पहिला कार्यक्रम मुलींच्या शाळेत लागला. राजेश्री त्याच शाळेत आहे हे मला माहीत होतं. शाळा बदलता आली असती, पण पत्र निघालं होतं, आणि निघालेलं पत्र परत बोलावणं मला नोकरीच्या बावीस वर्षांत कधी जमलं नाही.

मी प्रोजेक्टर लावत होतो तेव्हा ती पोरगी आपण होऊन जवळ आली. दोन वेण्या, नव्या रिबिनी. "सर, माझी आजी दिसणार हाय ना? आजी बी येणार हाय बघायला." पहिल्या रांगेतल्या मुलींनी माना वळवल्या. मी म्हणालो, "बस जाग्यावर."

पडद्यावर दगडाबाई आली. मान मोडायचं कापून टाकलं होतं, वायरी सोलायचंही कापून टाकलं होतं. धूर, खोकला आणि हसू एवढंच ठेवलं होतं. वर मॅडमचा गोड आवाज: "अशी अडाणी, बेजबाबदार माणसं आपल्या मुलांच्या फुप्फुसात विष भरतात. आणि हसतात." पोरी फिदीफिदी हसल्या. कुणीतरी खोटं खोटं खोकलं, मग सगळा वर्ग खोकायला लागला.

"राजेश्री, ही तुझी आजी ना गं?" शेजारची मुलगी मोठ्यानं म्हणाली.

मॅडमचा चेहरा उजळला. "खरंच? बाळा, उभी राहा. तुमच्या घरी असंच जाळतात का? सांग सगळ्यांना, घाबरू नको."

राजेश्री उभी राहिली. फ्रॉकची कड मुठीत धरून म्हणाली, "न्हाई मॅडम. ती माझी आजी न्हाई."

तेवढ्यात वर्गशिक्षिका दाराकडं बघून म्हणाल्या, "कोण पाहिजे, बाई?"

दारात दगडाबाई उभी होती. नवं लुगडं, चपला बाहेर काढलेल्या. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं पडद्याकडं बघितलं, मग नातीकडं. पोरीनं मान खाली घातली.

"कुनी न्हाई," दगडाबाई म्हणाली. "भंगार हाय का म्हून इचारायला आले व्हते."

मला लाज वाटली. लाज वाटून माणूस सुधारतो म्हणतात. खोटं आहे.

"काशीनाथजी, सांगा त्यांना," मॅडम म्हणाल्या. "मुलींनाही कळू द्या नियम."

मी सांगितलं. "बाई, शाळंचं भंगार आता केंद्रात जातं. तुमी न्यायचं न्हाई."

"बरं, सायब," ती म्हणाली. कार्डाचं काही विचारलं नाही. गेली.

राजेश्री अजून उभीच होती. तिला बस म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली की मधे दार उघडं होतं, उजेडामुळं पडद्यावरचं नीट दिसलं नाही.

"पुन्हा लावा ना," मॅडम म्हणाल्या.

मी लावला.